डीपीटीला ॲडमिशन हवीये, जीपीए ३.३ आहे: सोफोमोर मुलीने आता नेमकं काय करावं

प्रश्न थोडक्यात असा आलाय: मुलगी न्यू जर्सीत किनिसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र) करतेय, सोफोमोर म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, जीपीए चारपैकी ३.३, केमिस्ट्रीत सी प्लस. डीपीटी करायचंय, म्हणजे डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी, इकडे फिजिकल थेरपिस्ट (पीटी) व्हायला लागणारी डिग्री. ओळखीतल्या कुणीतरी सांगितलंय की पीटीचं काम शेजारी उभं राहून बघण्याचं, म्हणजे ऑब्झर्वेशन, पाचशे तास केल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही, तर तिला सगळा उन्हाळा त्यातच घालवू द्यावा का, जीआरई या प्रवेश परीक्षेचा क्लास लावावा का, आणि पुण्यात भाचा बीपीटीएच (फिजिओथेरपीची भारतातली डिग्री) करतोय त्याला इकडे यायचं तर रस्ता कोणता.

मी महाराष्ट्रातून बीपीटीएच करून इकडे आले, बरीच वर्षं हॉस्पिटलमध्ये पीटी म्हणून काम करतेय, डीपीटीचे विद्यार्थी क्लिनिकलला माझ्या हाताखाली येतात आणि ॲडमिशनच्या इंटरव्ह्यू पॅनेलवरही बसलेय. त्या टेबलाच्या पलीकडून जे दिसतं ते सांगते.

पहिली गोष्ट, कमिटी फाईल उघडते तेव्हा ती गुणवान मुलगी शोधत नसते, दोनच गोष्टी बघत असते. एक, ही मुलगी पहिल्या वर्षाची ग्रॉस ॲनाटॉमी आणि न्यूरो पार करेल का, आणि दोन, हे काम रोज कसं असतं ते हिला माहितेय का. बाकी सगळं, क्लबची प्रेसिडेंट, रिसर्च पोस्टर, मेडिकल मिशन ट्रिप, ही वरची कोथिंबीर. शाळेत घेतलेली मुलगी दुसऱ्या सेमिस्टरला गळली तर ती जागा रिकामीच राहते, आणि प्रत्येक शाळेला आपला ग्रॅज्युएशन रेट आणि लायसन्स परीक्षेचा पास रेट जाहीर करावा लागतो, त्यामुळे त्यांची भीती खरी असते. कॅप्टी म्हणजे जी संस्था या प्रोग्रॅम्सना मान्यता देते तिचा नियमच आहे की दोन वर्षांच्या सरासरीत किमान ८५ टक्के विद्यार्थी एनपीटीई, म्हणजे हीच लायसन्सची परीक्षा, शेवटी पास झाले पाहिजेत. हे डोक्यात ठेवलं की कुठे वेळ घालवायचा आणि कुठे नाही ते आपोआप कळतं.

आता जीपीए. ३.३ म्हणजे वाईट नाही, पण ॲडमिशन मिळालेल्यांची सरासरी ३.५ च्या वर असते त्यामुळे आहे तसं सोडूनही चालणार नाही. इथे आधी एक गणित करा, कारण बहुतेक घरांत हे कुणी करतच नाही. समजा आत्तापर्यंत ६० क्रेडिट झालेत ३.३ ने. ज्युनियर म्हणजे तिसऱ्या वर्षाची ३० क्रेडिट तिने ३.८ ने केली तर अर्ज करताना एकूण होतो साधारण ३.४७. सीनियर वर्षही ३.८ ने गेलं आणि मग अर्ज केला तर ३.५५. म्हणजे एक वर्ष थांबून अर्ज करण्याची किंमत काय आणि फायदा काय हे आकड्यात समोर येतं. गॅप इयर म्हटलं की आपल्याकडे लगेच वर्ष फुकट गेलं म्हणतात, पण माझ्याकडे येणाऱ्या चांगल्या विद्यार्थ्यांत एखादं वर्ष एड म्हणजे क्लिनिकमधली मदतनीस म्हणून नोकरी करून आलेले भरपूर असतात आणि खरं सांगायचं तर पेशंटला हात लावायला तेच कमी घाबरतात.

बहुतेक शाळांचा अर्ज जातो पीटीकॅस नावाच्या एकाच पोर्टलवरून, आणि पीटीकॅस जीपीए स्वतः नव्याने काढतं. कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवरचा आकडा तिथे धरत नाहीत. कितीतरी कॉलेजात विषय परत घेतला की जुनी ग्रेड जीपीएतून जाते, पीटीकॅसमध्ये ती जात नाही, दोन्ही धरतात. म्हणजे चार क्रेडिटच्या केमिस्ट्रीत सी प्लस म्हणजे २.३, परत घेऊन ए आणला तर ४.०, आणि त्या आठ क्रेडिटची सरासरी ३.१५. एकूण जीपीए त्याने फार हलत नाही. मग परत घ्यायचा की नाही? मी तरी सी प्लस असेल तर परत घेऊ नको म्हणेन, बहुतेक शाळा प्रीरिक्विझिटला, म्हणजे डीपीटीच्या आधी करून यावे लागणाऱ्या विषयांना, सी चालवतात, त्यापेक्षा केमिस्ट्री टूमध्ये बी प्लस किंवा ए आणून दाखव. कमिटीला चढती रेघ दिसली की पुरते. पण सी मायनस किंवा खाली असेल तर परत घेणं आलंच, आणि ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीत सी प्लस असता तर मी वेगळं सांगितलं असतं, कारण ती ग्रेड सगळ्यात आधी बघतात. काही शाळा परत घेतलेल्या विषयाची वरची ग्रेड धरून स्वतःचा प्रीरिक्विझिट जीपीए काढतात, काही शेवटच्या ६० क्रेडिटचा वेगळा बघतात. तुमच्या लेकीसारख्या मुलीसाठी या शेवटच्या साठवाल्या शाळा सोन्यासारख्या, त्या आधी शोधा.

प्रीरिक्विझिटची यादी साधारण सगळीकडे सारखी. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी दोन भाग लॅबसकट, केमिस्ट्री दोन लॅबसकट, फिजिक्स दोन लॅबसकट, बायोलॉजी, स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी एक किंवा दोन. पण घात होतो तो बारीक अक्षरात. कुठे ऑनलाइन लॅब चालत नाही, कुठे ॲनाटॉमी पाच-सात वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, कुठे किनिसिऑलॉजी डिपार्टमेंटची ॲनाटॉमी चालते आणि कुठे बायोलॉजी डिपार्टमेंटचीच पाहिजे, कुठे डेव्हलपमेंटल सायकॉलॉजी मागतात आणि कुठे ॲब्नॉर्मल. एक साधी एक्सेल शीट करायला सांगा, आडव्या ओळीत शाळा आणि उभ्यात विषय, आणि शंका आली की त्या शाळेला ईमेल करून लेखी उत्तर घ्यायचं. ईमेल मुलीने करायचा हं, तुम्ही नाही. आईबाबांचे फोन आले की ऑफिसातल्या बायका आपसात बोलतात, मी ऐकलंय.

आता ते पाचशे तास. कुणी सांगितलं माहित नाही पण सरसकट तसं काही नाहीये. काही शाळा शून्य मागतात, काही चाळीस-पन्नास, काही शंभर-दीडशे, आणि कोविडनंतर बऱ्याच जणांनी आकडा कमी केला किंवा काढूनच टाकला. तीनशे तास एकाच स्ट्रिप मॉलमधल्या आउटपेशंट क्लिनिकमध्ये बसून घातलेल्या मुलीपेक्षा तीन वेगवेगळ्या ठिकाणी पन्नास-पन्नास तास घातलेली मुलगी इंटरव्ह्यूमध्ये लगेच ओळखू येते. कारण आउटपेशंट ऑर्थोमध्ये जे दिसतं, खांदा, गुडघा, कंबर, थेराबँड, ते या कामाचा एक तुकडा. हॉस्पिटलच्या अक्यूट केअरमध्ये कालच हिप फ्रॅक्चरचं ऑपरेशन झालेल्या ऐंशी वर्षांच्या आजींना आयव्ही, कॅथेटर, ऑक्सिजनची नळी सांभाळत पलंगाच्या कडेला बसवणं, बीपी घसरतंय का बघणं, आणि ह्या घरी जातील, रिहॅबला जातील की नर्सिंग होमला हे ठरवायला डॉक्टरला आपलं मत देणं, हेही पीटीच. स्निफ म्हणजे स्किल्ड नर्सिंगमध्ये काम करणं कुणाला ग्लॅमरस वाटत नाही म्हणूनच तिथे तास केलेला अर्ज उठून दिसतो. शिवाय न्यूरो रिहॅबमध्ये स्ट्रोकचा पेशंट बघितला नसेल तर निदान एकदा बघून यावं, तिथे दोन आठवड्यांत जेमतेम दिसेल न दिसेल एवढी सुधारणा असते, ती बघून कंटाळा आला तर ते आत्ताच कळलेलं बरं.

जागा कशी मिळवायची? हॉस्पिटलच्या व्हॉलंटियर ऑफिसमधून, पण त्यांचं टीबी टेस्ट, फ्लू शॉट, बॅकग्राउंड चेक, हिपाचं (पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याच्या कायद्याचं) ट्रेनिंग यात महिना-दोन महिने सहज जातात, म्हणून उन्हाळ्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज टाकायचा. छोट्या क्लिनिकला ईमेलपेक्षा प्रत्यक्ष जाऊन विचारलेलं चांगलं, दुपारी जेवणाच्या वेळेच्या आसपास, सकाळी आठला कुणालाच डोकं वर काढायला वेळ नसतो. आणि शक्य असेल तर एड किंवा टेकची पगारी नोकरी. टेबल पुसणं, हॉट पॅक बदलणं, टॉवेल धुणं, पेशंटला आत आणणं. बहुतेक शाळा पगारी तासही धरतात (ती अट शाळेच्या पानावर बघून घ्या), पैसे मिळतात आणि चार महिने एकाच पीटीच्या नजरेसमोर राहिल्यामुळे पुढचं रेकमेंडेशन लेटर खऱ्या माणसाने लिहिलेलं वाटतं. आपल्या घरांमध्ये टॉवेल धुवायला पाठवायचं म्हणजे थोडं जीवावर येतं हे मला ठाऊक आहे, पण पाठवा.

तास भरताना वही ठेवायची. पेशंटचं नाव, वय, तारीख असलं काही लिहायचं नाही, फक्त काय बघितलं आणि काय प्रश्न पडला. आज पीटीने खुर्चीतून उठण्याचा व्यायाम पंधरा वेळा न करवता पाच वेळाच का करवला? पेशंट नाही म्हणाला तेव्हा तिने काय केलं? इन्शुरन्सने व्हिजिट नाकारल्या तेव्हा प्लॅन कसा बदलला? संध्याकाळी नोट्स लिहायला किती वेळ गेला? वर्षभराने एसे लिहायला बसताना आणि इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री ही वही जे देते ते कुठलाही कन्सल्टंट देत नाही. तास पूर्ण झाले की लगेच त्या पीटीचं पूर्ण नाव, लायसन्स नंबर, ईमेल घेऊन ठेवायचं, पीटीज नोकऱ्या फार बदलतात आणि नंतर सापडत नाहीत.

जीआरईचं लवकर आटपते. २०२० नंतर बऱ्याच शाळांनी ती काढून टाकली, त्यामुळे आधी यादी करा, यादीतल्या एखाद-दुसऱ्याच शाळेला लागत असेल तर त्या शाळा काढून टाकणं क्लास लावण्यापेक्षा स्वस्त. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झालीये, दोन तासांच्या आत संपते, द्यायचीच ठरली तर ज्युनियर वर्षाच्या हिवाळ्याच्या सुट्टीत घरी बसून तयारी करून होईल. पैसे टाकायचेच असतील तर फिजिक्सच्या ट्यूटरवर टाका.

लेटर्स. साधारणपणे एक पीटी आणि एक सायन्सचा प्रोफेसर लागतो, कुठे तिसरं. तीनशे जणांच्या लेक्चरमध्ये ए मिळाला म्हणून प्रोफेसर ओळखत नाही, ऑफिस अवर्सला जाणं किंवा लॅबमध्ये टीचिंग असिस्टंट होणं हाच मार्ग आहे आणि त्याला सोफोमोर वर्षच योग्य. नात्यातल्या डॉक्टर काकांचं पत्र नको. खरंच नको. वाचणाऱ्याला आडनावावरून नसेल तरी मजकुरावरून कळतं. फॉर्मवर पत्र बघण्याचा हक्क सोडते का असं विचारतात, तिथे हो म्हणायचं, नाहीतर पत्राला वजन राहत नाही.

एसे म्हणजे ४,५०० कॅरेक्टर्स, स्पेस धरून, म्हणजे जेमतेम दीड पान. प्रश्न दरवेळी तोच असेल असं नाही पण रोख तोच, तू पीटी का. दर वर्षी ढिगाने एसे येतात ज्यात हायस्कूलला सॉकर खेळताना गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट फाटलं आणि पीटीने मला परत मैदानावर आणलं. आपल्या मुलांचं व्हर्जन म्हणजे आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन. दोन्ही विषय चालतात, पण तिथेच थांबतात ही अडचण. आजीचा गुडघा नव्वद अंशापर्यंत वाकत होता तरी ती भारतातल्या घरी देवासमोर जमिनीवर बसू शकत नव्हती आणि तिच्यासाठी बरं होणं म्हणजे तेच होतं, आणि मग क्लिनिकमध्ये मी बघितलं की पीटी पहिल्या भेटीत पेशंटला तुम्हाला काय करायला जमायला हवंय हे का विचारतो, असं लिहिलं तर मी पुढचं वाचते. लोकांना मदत करायला आवडतं हे वाक्य काढून टाका, बँकेतली टेलरही ते म्हणू शकते. आणि एआयला लिहायला लावू नये, पीटीकॅसमध्ये मजकूर स्वतःचा आहे असं प्रमाणित करून द्यावं लागतं, शिवाय इंटरव्ह्यूत तोंडी बोलणं आणि कागदावरचं बोलणं जुळलं नाही की फार वाईट दिसतं.

वेळेबद्दल. पीटीकॅसची सायकल साधारण जूनच्या मध्याला उघडते. कितीतरी शाळा रोलिंग ॲडमिशन करतात म्हणजे अर्ज येतील तशा जागा भरत जातात, त्यामुळे डेडलाइन नोव्हेंबरची आहे म्हणून ऑक्टोबरच्या शेवटी टाकलेला अर्ज आणि जुलैत टाकलेला अर्ज सारखा नसतो. त्यातून सबमिट केल्यावर ट्रान्सक्रिप्ट व्हेरिफाय व्हायला काही आठवडे जातात, एखाद्या कॉलेजचा ट्रान्सक्रिप्ट आला नाही (कम्युनिटी कॉलेजला एकच उन्हाळी कोर्स केला असेल तरी त्याचा वेगळा लागतो) की अर्ज तिथेच पडून. म्हणजे ज्युनियर वर्षाच्या मे महिन्यात ट्रान्सक्रिप्ट मागवणं, लेटरवाल्यांना कळवणं हे सगळं झालेलं असावं. एक-दोन प्रीरिक्विझिट बाकी असताना अर्ज करता येतो, नंतर पूर्ण करणार असं दाखवायचं, पण सायन्सचे चार विषय बाकी असतील तर कमिटीला अंदाज घ्यायला काही उरतच नाही.

शाळा निवडणं. याच ठिकाणी मुलं सगळ्यात जास्त चुकतात, आणि आईवडील तर विचारू नका. आपल्याला रँकिंगची सवय. पण डीपीटीच्या बाबतीत मान्यताप्राप्त शाळा तीनशेच्या आसपास आहेत, एनपीटीई सगळ्यांना तीच, लायसन्स तेच, आणि हॉस्पिटलमध्ये मला नवीन पीटी घ्यायची असते तेव्हा शाळेच्या नावाने पगार बदलत नाही. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्सच्या आकड्यांनुसार मे २०२३ मध्ये पीटीचा मधला वार्षिक पगार होता ९९,७१० डॉलर, आणि त्यात दहा-वीस वर्षांचे अनुभवी लोकही आले, नवीन मुलीला त्यापेक्षा कमीच मिळणार. एखाद्या खाजगी शाळेची फी स्टेट युनिव्हर्सिटीच्या इन-स्टेट फीच्या दुप्पट-अडीचपट असू शकते. पगार तोच आणि कर्ज दुप्पट, हे गणित डॉक्टर-डेंटिस्टला झेपतं, पीटीला नाही. त्यात २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस लोन बंद केलंय, ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला फेडरल कर्ज वर्षाला २०,५०० आणि एकूण १ लाख डॉलर एवढंच, आणि प्रोफेशनल डिग्री धरली गेली तर वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख. डीपीटी कुठल्या खान्यात धरताय आणि उरलेली रक्कम तुमचे विद्यार्थी कुठून उभी करतात, हे प्रत्येक शाळेच्या फायनान्शियल एड ऑफिसला ईमेलवर विचारा, अर्ज करायच्या आधी.

म्हणून यादी अशी करायची: आठ-दहा शाळा, त्यात आपल्या आणि शेजारच्या राज्यातल्या सरकारी शाळा आधी, मग शेवटचे साठ क्रेडिट बघणाऱ्या, मग जिथल्या मागच्या बॅचचा सरासरी जीपीए तिच्या आकड्याच्या आसपास आहे अशा, आणि वरची हौस म्हणून एक-दोन. डेलावेअर, पिट्सबर्ग ही नावं सगळे घेतात, चांगलीच आहेत, पण फक्त तिथेच अर्ज टाकून बसणं म्हणजे लॉटरी. प्रत्येक शाळेच्या वेबसाइटवर ग्रॅज्युएशन रेट, पास रेट आणि खर्चाचा तक्ता टाकणं बंधनकारक असतं, तो बघा. शंभरातली पंधरा मुलं पूर्णच करत नाहीत आणि पास रेट मात्र झकास, असं दिसलं की समजायचं की कच्ची मुलं परीक्षेच्या आधीच गाळली जातात. नवीन शाळा असेल आणि कॅन्डिडेट फॉर ॲक्रेडिटेशन असं लिहिलं असेल तर तिथे धोका आहे हे समजून जा, मान्यता शेवटी मिळाली नाही तर परीक्षेला बसणंच अडचणीत येतं.

इंटरव्ह्यू कुठे समोरासमोर, कुठे ग्रुपमध्ये, कुठे छोट्या छोट्या स्टेशनवर फिरत, कुठे कॅमेऱ्यासमोर एकट्याने रेकॉर्ड करायचा. हमखास येणारा प्रश्न म्हणजे पीटीच का, ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) किंवा पीए (फिजिशियन असिस्टंट) किंवा मेडिसिन का नाही. आपल्या मुलांची इथे पंचाईत होते कारण घरी कुणीतरी मेडिकलला नंबर नाही लागला तर फिजिओ कर म्हटलेलं असतं आणि ते उत्तरातून गळतं. घरी ते वाक्य बोलत असाल तर आजपासून बंद करा. दुसरा म्हणजे कमी ग्रेडबद्दल. केमिस्ट्रीच्या सी प्लसला प्रोफेसर वाईट होते हे उत्तर नाही. अभ्यासाची पद्धत काय होती, काय बदललं, पुढच्या सेमिस्टरला काय आलं, तीन वाक्यांत, आणि पुढे जायचं.

भाच्याचं. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत आणि त्या एकमेकांत मिसळू नका. बीपीटीएच पूर्ण असेल तर इकडे परत तीन वर्षांची डीपीटी करायची गरज असतेच असं नाही. एफसीसीपीटीसारख्या संस्थेकडून डिग्रीचं मूल्यांकन करून घ्यायचं, अमेरिकन अभ्यासक्रमाशी ताडून जे विषय कमी पडतात ते क्रेडिट करून भरून काढायचे, राज्याच्या बोर्डाकडून परवानगी घेऊन एनपीटीई द्यायची, आणि व्हिसासाठी वेगळं हेल्थकेअर वर्कर सर्टिफिकेट व इंग्रजीची परीक्षा. राज्याराज्यात अटी वेगळ्या, म्हणून आधी राज्य ठरवायचं मग कागद. एनपीटीई आयुष्यात सहाच वेळा देता येते, तेव्हा बघू तरी म्हणून बसायचं नाही. फिजिकल थेरपिस्ट अमेरिकन लेबर खात्याच्या शेड्यूल ए यादीत आहेत त्यामुळे ग्रीन कार्डाचा एक टप्पा वाचतो, पण भारतात जन्मलेल्यांची रांग काही त्यामुळे कमी होत नाही.

आणि त्याला इथली एंट्री लेव्हल डीपीटीच करायची असेल तर एक खाच लक्षात ठेवा, बारावी सायन्सचं फिजिक्स-केमिस्ट्री इकडे कॉलेज क्रेडिट म्हणून धरत नाहीत आणि बीपीटीएचच्या ट्रान्सक्रिप्टवर ते विषय लॅबसकट तसे दिसत नाहीत, म्हणजे ॲनाटॉमीत डिस्टिंक्शन असूनही प्रीरिक्विझिटमध्ये चार रकाने रिकामे. सिलॅबसच्या शिक्का मारलेल्या प्रती आणि मार्कशीट तो कॉलेजात असतानाच मागून घेऊ देत, पास होऊन बाहेर पडल्यावर त्याच कागदांसाठी कॉलेजच्या ऑफिसात आणि नाशिकला विद्यापीठात हेलपाटे पडतात.